अ‍ॅडमिन पासवर्ड न वाटता सॉफ्टवेअर चालवायचं कसं? विंडोजच्या स्टँडर्ड अकाउंटसाठी सविस्तर मार्गदर्शक

प्रत्येकाला अ‍ॅडमिन करून टाकलं की सगळी सॉफ्टवेअर बिनबोभाट चालतात. म्हणून बहुतेक लहान ऑफिसांत, क्लासेसमध्ये आणि घरच्या सामाईक कॉम्प्युटरवर तेच केलेलं असतं. पुढे कधीतरी कुणी बिलाच्या नावानं आलेली फाइल उघडतं आणि त्या फाइलीलाही तेच सगळे अधिकार मिळतात. हे टाळण्यासाठी स्टँडर्ड, म्हणजे कमी अधिकारांचं अकाउंट करायला गेलं की तक्रारी सुरू होतात: हे उघडत नाही, ते सेव्ह होत नाही, दर वेळी पासवर्ड मागतं. दोन दिवसांत सगळे पुन्हा अ‍ॅडमिन होतात.

यातल्या बहुतेक तक्रारी अधिकार न वाढवता सुटतात. त्यासाठी एकच सवय लावून घ्यायची. सॉफ्टवेअर अडलं की ‘याला परवानगी कशी देऊ’ असं विचारण्याआधी ‘हे नेमकं कुठे लिहायला जातंय’ असं विचारायचं. खाली विंडोज १० आणि ११ धरून सगळं लिहिलं आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, पण ती मशीन अजून टेबलावर आहेतच.

अडतं कुठे

स्टँडर्ड अकाउंटला जवळपास सगळं वाचता येतं आणि चालवता येतं. लिहिता मात्र येत नाही ते मुख्यतः तीन ठिकाणी: ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डर, ‘विंडोज’ फोल्डर आणि रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीचा, ‘लोकल मशीन’ हा भाग. या तिन्ही जागा संपूर्ण मशीनच्या आहेत. याउलट स्वतःचं प्रोफाइल, म्हणजे ‘युजर्स’ फोल्डरमधला आपल्या नावाचा फोल्डर, त्यातला लपलेला ‘अ‍ॅपडेटा’ आणि रजिस्ट्रीचा ‘करंट युजर’ हा भाग, इथे पूर्ण मोकळीक असते. जे सॉफ्टवेअर एवढ्यातच आपला संसार मांडतं, त्याला अ‍ॅडमिनची गरज कधीच लागत नाही.

मग इतकी सॉफ्टवेअर अडतात का? २००१ मध्ये आलेल्या एक्सपीत घरचा युजर सहसा अ‍ॅडमिनच असे, त्यामुळे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी कुठेही लिहायची सवय लावून घेतली. २००७ मध्ये सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या व्हिस्टानं युजर अकाउंट कंट्रोल, म्हणजे यूएसी आणलं आणि ही सवय उघडी पडली. यूएसीनंतर अ‍ॅडमिन खात्यातून उघडलेला प्रोग्रामही आधी साध्या अधिकारांनीच चालतो. पडदा काळवंडून ‘येस’ विचारलं जातं, तेव्हाच पूर्ण अधिकार मिळतात. स्टँडर्ड खात्यात त्या जागी ‘येस’ऐवजी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो, वरवर दिसणारा फरक एवढाच.

आधी खातं नीट करा

१. सध्याच्या अ‍ॅडमिन खात्यातून सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ उघडा आणि ‘अदर युजर्स’मध्ये जा. विंडोज १० मध्ये याला ‘फॅमिली अँड अदर युजर्स’ म्हणतात.

२. नवं खातं जोडताना मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागितला जाईल. ऑफिसच्या मशीनवर लोकल खातं हवं असेल तर ‘या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही’ या अर्थाचा पर्याय घ्या आणि पुढच्या पडद्यावर ‘मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय’ हा पर्याय निवडा.

३. खात्याचं नाव रोमन अक्षरांत, छोटं आणि मध्ये जागा न सोडता द्या. आपल्याकडे हौसेनं ‘सुनीता’ किंवा ‘लेखा विभाग’ असं देवनागरीत नाव दिलं जातं. विंडोजला ते चालतं, पण प्रोफाइल फोल्डरचं नावही देवनागरीत तयार होतं आणि युनिकोड न समजणारी जुनी सॉफ्टवेअर तिथे अडखळतात. कारण शोधायला मग अर्धा दिवस जातो. स्क्रीनवर दिसणारं नाव नंतर मराठीत बदला, फोल्डरचं नाव पहिलंच राहतं.

४. नवं खातं आपोआप ‘स्टँडर्ड’ असतं. आधीच वापरात असलेलं खातं उतरवायचं असेल तर पहिल्यांदा वेगळं अ‍ॅडमिन खातं तयार करा, त्याला पासवर्ड द्या आणि त्यातून एकदा साइन-इन करून पाहा. त्यानंतरच जुन्या खात्याचा प्रकार बदला. फाइली, इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअर, डेस्कटॉप सगळं जागेवर राहतं.

अ‍ॅडमिन खातं रोजच्या कामाला वापरायचं नाही. त्यात ईमेल नको, ब्राउझिंग नको. आणि तो पासवर्ड कीबोर्डखाली चिठ्ठीवर लिहून ठेवणार असाल तर पुढचं वाचायची गरज नाही.

डाउनलोड करताना

फाइल उत्पादकाच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. सर्चच्या पहिल्या ओळीत जाहिरात असते आणि ती नेहमीच खऱ्या मालकाची असते असं नाही. साइटवर एकाच सॉफ्टवेअरच्या चार-पाच फाइली असतात, तिथे घाईनं मोठ्या हिरव्या बटणावर क्लिक करू नका. ‘युजर इन्स्टॉलर’ (स्वतःच्या खात्यापुरता), ‘पोर्टेबल’ (इन्स्टॉल न करता चालणारं) किंवा ‘झिप’ असं लिहिलेली फाइल आहे का ते आधी बघा. स्टँडर्ड खात्यासाठी तीच आपल्या कामाची.

फाइल उतरली की राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. दोन गोष्टी बघायच्या. ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब आहे का आणि त्यात उत्पादकाचं नाव दिसतं का, ही पहिली. दुसरी म्हणजे ‘जनरल’ टॅबच्या तळाशी असलेला ‘अनब्लॉक’चा चौकोन. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीला विंडोज एक अदृश्य खूण लावतं, त्यामुळे तो चौकोन दिसतो. अनोळखी फाइलीबद्दल विंडोज दाखवतं तो स्मार्टस्क्रीनचा निळा इशाराही याच खुणेवरून येतो. फाइलीची खात्री पटली असेल तरच अनब्लॉक करा. झिप असेल तर ती उघडण्याआधी करा, कारण विंडोजनं झिप सोडवली की ती खूण आतल्या फाइलींनाही लागते.

उत्पादकानं फाइल बदललेली नाही हे तपासायची एसएचए-२५६ ची लांबलचक आकडे-अक्षरांची ओळ दिली असेल तर पॉवरशेलमधल्या (विंडोजमध्येच असलेली, आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘गेट-फाइलहॅश’ या आज्ञेपुढे फाइलीचा पत्ता देऊन ती पडताळता येते. त्यालाही अ‍ॅडमिन लागत नाही.

इन्स्टॉल करण्याच्या वाटा, पसंतीच्या क्रमानं

पहिली वाट मायक्रोसॉफ्ट स्टोअरची. तिथली बहुतेक अ‍ॅप खात्यापुरती बसतात, पासवर्ड मागत नाहीत आणि काढली की मागे फारसा कचरा ठेवत नाहीत. व्हीएलसी, फायरफॉक्स, व्हॉट्सअ‍ॅप तिथे आहेत. मात्र स्टोअरमध्येही काही जण आपला जुनाच इन्स्टॉलर ठेवतात आणि तो पासवर्ड मागू शकतो.

दुसरी वाट स्वतःपुरत्या इन्स्टॉलरची. व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या साइटवर ‘युजर’ आणि ‘सिस्टिम’ असे दोन इन्स्टॉलर वेगळे दिलेले आहेत, त्यातला युजर घ्यायचा. क्रोम आणि फायरफॉक्सची गंमत वेगळीच आहे. त्यांचा इन्स्टॉलर आधी पासवर्ड मागतो, पण तिथे ‘नो’ म्हटलं तरी काम थांबत नाही. क्रोम ‘अ‍ॅडमिनशिवाय बसवू का’ असं विचारतो, फायरफॉक्स आपला मुक्काम तुमच्या प्रोफाइलमध्ये हलवतो. त्यामुळे पासवर्डची चौकट दिसली की लगेच पासवर्ड असलेल्या साहेबांना हाक मारायची नाही, एकदा ‘नो’ म्हणून पाहायचं. काही इन्स्टॉलर सुरुवातीलाच ‘सगळ्यांसाठी’ की ‘फक्त माझ्यासाठी’ असं विचारतात. तिथे काय निवडायचं हे सांगायला नको.

या पद्धतीचा तोटा असा की पाच जणांनी बसवलं तर पाच प्रती होतात. प्रत्येकाची अपडेट वेगळी आणि जागाही पाचपट. एकाच मशीनवर पाळीपाळीनं काम करणारे बरेच जण असतील तर शेवटची वाट बरी.

तिसरी वाट पोर्टेबलची. नोटपॅड प्लस प्लस, व्हीएलसी यांच्या झिप त्यांच्या अधिकृत साइटवरच मिळतात. लिबरऑफिस किंवा गिंपसारख्या मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोर्टेबल आवृत्त्या पोर्टेबलअ‍ॅप्स या साइटवर आहेत. पायऱ्या अशा:

१. आपल्या प्रोफाइल फोल्डरमध्ये ‘अ‍ॅप्स’ नावाचा फोल्डर करा, इथेही नाव रोमन अक्षरांत. ‘डॉक्युमेंट्स’ किंवा डेस्कटॉपवर ठेवू नका. वनड्राइव्ह चालू असेल तर तो सॉफ्टवेअरच्या हजारो बारीक फाइली क्लाउडवर चढवत बसतो.

२. झिप पूर्ण सोडवा. झिप उघडून आतल्या आत डबल-क्लिक केलं तर विंडोज बहुतेकदा तेवढीच एक फाइल तात्पुरत्या जागी काढून चालवतं. मग ‘डीएलएल (प्रोग्रामला लागणारी जोडफाइल) सापडत नाही’ अशी एरर येते किंवा बदललेल्या सेटिंग दुसऱ्या दिवशी गायब होतात.

३. मुख्य फाइलीवर राइट-क्लिक करून ती स्टार्ट किंवा टास्कबारवर पिन करा.

४. फाइलींशी जोडणी हातानं करावी लागते. एखाद्या फाइलीवर राइट-क्लिक, ‘ओपन विथ’, ‘दुसरं अ‍ॅप निवडा’ आणि मग आपल्या फोल्डरमधली फाइल दाखवा.

पोर्टेबल सॉफ्टवेअर स्वतःहून अपडेट होतीलच असं नाही. महिन्यातून एकदा साइटवर डोकावायचं काम कुणातरी एकावर सोपवा.

चौथी वाट म्हणजे अ‍ॅडमिननं एकदाच ‘सगळ्यांसाठी’ बसवणं. जिथे ड्रायव्हर किंवा सर्व्हिस बसते तिथे हीच एक वाट आहे: प्रिंटर, स्कॅनर, अँटिव्हायरस, व्हीपीएन, डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. जीएसटी, आयकर किंवा निविदांसाठी डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र वापरणाऱ्या ऑफिसांत टोकनचा ड्रायव्हर अ‍ॅडमिननं बसवला की रोजची सही स्टँडर्ड खात्यातून करता येते. सही करणारा छोटा प्रोग्राम मात्र त्या युजरच्या खात्यात चालू असायला हवा, नाहीतर पोर्टल ‘टोकन सापडत नाही’ म्हणत राहतं आणि आपण पिन चुकला की काय ते शोधत बसतो.

‘अ‍ॅडमिननं बसवलं, पण माझ्याकडे दिसत नाही’

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिचं कारण फार कमी जणांना माहीत असतं.

समजा सुनीतानं आपल्या स्टँडर्ड खात्यात इन्स्टॉलर चालवला, चौकट आली, साहेबांनी येऊन आपला पासवर्ड टाकला. त्या क्षणापासून इन्स्टॉलर साहेबांच्या खात्याचा झाला. त्याला ‘करंट युजर’ म्हणजे साहेब वाटतात, ‘अ‍ॅपडेटा’ म्हणजे साहेबांचा अ‍ॅपडेटा. त्यामुळे डेस्कटॉपवरचा शॉर्टकट, लायसन्सची नोंद, सुरुवातीच्या सेटिंग हे सगळं साहेबांच्या प्रोफाइलमध्ये जातं. सुनीताच्या खात्यात सॉफ्टवेअर एकतर दिसतच नाही, किंवा उघडल्यावर ‘लायसन्स नाही’ म्हणतं.

उपाय असा. इन्स्टॉलरमध्ये ‘सगळ्यांसाठी’ हा पर्याय असेल तर तोच घ्या. नसेल तर इन्स्टॉल संपल्यावर शेवटच्या पडद्यावरची ‘आता सुरू करा’ ही खूण काढा, म्हणजे सॉफ्टवेअरची पहिली सुरुवात साहेबांच्या नावानं होणार नाही. मग युजरच्या खात्यातून ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये जाऊन मुख्य फाइल डबल-क्लिक करा, शॉर्टकट तिथूनच तयार करा आणि लायसन्स की त्याच खात्यात भरा. लायसन्स भरताना पुन्हा पासवर्ड मागितला, तर ते मशीनच्या पातळीवर नोंदवलं जातंय असं समजायचं.

याच कारणानं आणखी दोन विचित्र गोष्टी होतात. अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या प्रोग्रामला नेटवर्क ड्राइव्ह दिसत नाही, कारण तो ड्राइव्ह युजरच्या सेशनमध्ये जोडलेला असतो. आणि एक्सप्लोररमधून फाइल ओढून त्यात टाकता येत नाही, कारण कमी अधिकारांच्या खिडकीतून जास्त अधिकारांच्या खिडकीत असं काही सोडायला विंडोज मनाई करतं. ‘माउस बिघडला’ म्हणून आलेल्या फोनमागे कधीकधी हेच असतं.

जुनं सॉफ्टवेअर आणि गायब होणाऱ्या नोंदी

आता खरा गुंता. वाचनालय, पतसंस्था, दवाखाना, शाळा, सगळीकडे एखादं जुनं ३२-बिट सॉफ्टवेअर असतं. बनवणारा गावातला, किंवा आता कुठे आहे कुणालाच माहीत नाही. ते आपला डेटा आपल्याच फोल्डरमध्ये, म्हणजे ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवतं. नियमानं स्टँडर्ड खात्यात ते अडायला हवं. पण ते मजेत चालतं, एररसुद्धा देत नाही.

कारण विंडोज गुपचूप सांभाळून घेतं. अशा जुन्या प्रोग्रामनं ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहायचा प्रयत्न केला की विंडोज ती फाइल युजरच्या ‘अ‍ॅपडेटा’, ‘लोकल’ आणि त्यातल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरमध्ये लिहितं. प्रोग्रामला पत्ताच लागत नाही. पुढच्या वेळी वाचतानाही आधी तिथलीच प्रत दिली जाते.

एकच युजर असेल तर कुणाचं काही बिघडत नाही. दोन झाले की भानगड सुरू होते. सकाळच्या पाळीतल्या कारकुनानं भरलेल्या नोंदी दुपारच्या खात्यात दिसत नाहीत. साहेब ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडतात, तर त्यांना तिसरंच चित्र दिसतं, कारण अ‍ॅडमिन अधिकारांनी चालणारा प्रोग्राम मूळ फोल्डरमधली शिळी फाइल वाचतो. बॅकअपही त्या मूळ फोल्डरचाच घेतला जात असतो. म्हणजे महिनोन्‌महिने बॅकअप होतोय आणि त्यात नवं काहीच नाही.

हे होतंय का ते असं तपासा:

१. सॉफ्टवेअर चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये ‘डिटेल्स’ उघडा. स्तंभांच्या नावावर राइट-क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मध्ये ‘यूएसी व्हर्च्युअलायझेशन’ आणि ‘एलिव्हेटेड’ या दोन्हींवर खूण करा. पहिल्या स्तंभात ‘एनेबल्ड’ दिसलं तर सावध व्हा.

२. एक्सप्लोररमध्ये लपलेल्या फाइली दाखवायला सांगा आणि वर दिलेल्या वाटेनं ‘व्हर्च्युअलस्टोअर’ उघडा. त्यात ‘प्रोग्राम फाइल्स एक्स८६’ आणि आत तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव असेल, तर डेटा तिथे आहे.

३. प्रत्येक युजरच्या खात्यात हेच पाहा. अ‍ॅडमिनचंही सोडू नका. कुठल्या प्रतीची तारीख काय आणि आकार किती, ते कागदावर लिहा.

४. कशालाही हात लावण्याआधी सगळ्या प्रती पेन ड्राइव्हवर वेगवेगळ्या फोल्डरांत उतरवा. त्यानंतरच ठरवा की खरी प्रत कुठली. दोन प्रतींत वेगवेगळ्या नोंदी असतील तर त्या एकत्र करणं हे सॉफ्टवेअरच्या जाणकाराचं काम, किंवा मग छापील यादी समोर घेऊन हातानं भरण्याचं.

डेटाची जागा बदला, तेवढीच परवानगी द्या

सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ‘डेटा पाथ’ किंवा ‘कंपनी फोल्डर’ बदलायची सोय असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. सामाईक डेटासाठी ‘युजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरात ‘डॉक्युमेंट्स’ ही चांगली जागा, तिथे मशीनवर बसणाऱ्या सगळ्यांना लिहिता येतं. ‘प्रोग्रामडेटा’ हा फोल्डर अनेकांना योग्य वाटतो, पण त्याच्या मूळ परवानग्यांत एक मेख आहे. कुणालाही तिथे नवी फाइल करता येते, मात्र एकानं केलेली फाइल दुसऱ्या स्टँडर्ड युजरला फक्त वाचता येते. एकाकडे चालतं आणि दुसऱ्याकडे ‘रीड ओन्ली’ येतं, ते यामुळे.

डेटाची जागा हलवता येत नसेल तर परवानगी बदलायची. अ‍ॅडमिन खात्यातून डेटाच्या फोल्डरवर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, ‘एडिट’. यादीत ‘युजर्स’ निवडून ‘मॉडिफाय’वर खूण करा. ‘फुल कंट्रोल’ नको, आणि ‘एव्हरीवन’ हे नाव जोडायची तर काहीच गरज नाही.

इथे सगळ्यात महत्त्वाची अट. परवानगी फक्त डेटाच्या फोल्डरला द्यायची, प्रोग्रामची मुख्य फाइल ज्यात आहे त्या फोल्डरला नाही. ती फाइल कुणालाही बदलता आली, तर एखादा उपद्रवी प्रोग्राम तिच्या जागी स्वतःला बसवतो आणि साहेबांनी ती उघडण्याची वाट बघतो. सगळं एकाच फोल्डरात खिचडी असेल तर फोल्डरऐवजी डेटाच्या त्या दोन-चार फाइली निवडून त्यांनाच ‘मॉडिफाय’ द्या. काही डेटाबेस काम चालू असताना शेजारी तात्पुरती फाइल बनवतात, त्यांना एवढं पुरत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर ‘सी’ ड्राइव्हच्या मुळाशी वेगळ्या फोल्डरात हलवणं हा जुना जुगाड आहे. तो चालतो, कारण तिथे केलेल्या नव्या फोल्डरात साइन-इन केलेल्या सगळ्यांना मुळातच बदल करता येतात. पण वर सांगितलेला धोकाही त्यासोबत येतो. मी हा उपाय फक्त इंटरनेट नसलेल्या मशीनवर सुचवतो.

कुठल्या फाइलीवर अडतंय हेच कळत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं ‘प्रोसेस मॉनिटर’ हे मोफत साधन उतरवून घ्या. ते चालवायला अ‍ॅडमिन लागतो, पण तपासायचं सॉफ्टवेअर नेहमीसारखं स्टँडर्ड अधिकारांनीच उघडायचं. फिल्टरमध्ये ‘प्रोसेस नेम’ म्हणून तुमचं सॉफ्टवेअर आणि ‘रिझल्ट’ म्हणून ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ द्या. मग जे बटण दाबल्यावर एरर येते ते दाबा. लाखो ओळींतून चार-पाच उरतात आणि त्यांत फाइलीचा पूर्ण पत्ता असतो. पत्ता रजिस्ट्रीच्या ‘लोकल मशीन’मधला निघाला तर रजिस्ट्री एडिटरमध्ये त्या नेमक्या कीवर राइट-क्लिक करून ‘परमिशन्स’ बदलता येतात. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नावाच्या कीपलीकडे मात्र हात लावू नका. एक गोष्ट ध्यानात असू द्या: यादीतली प्रत्येक ओळ आजार नसते. प्रोग्राम आधी जास्त अधिकार मागून बघतो आणि नाही म्हटलं की कमीवर भागवतो. त्यामुळे एररच्या क्षणाजवळच्या ओळी बघा.

दर वेळी ढाल दिसते आणि पासवर्ड मागतं

आयकॉनवर निळी-पिवळी ढाल असण्याची कारणं वेगवेगळी असतात. सोप्यापासून सुरुवात करू.

कुणीतरी पूर्वी ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘कम्पॅटिबिलिटी’ टॅबवर ‘रन धिस प्रोग्राम अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ची खूण करून ठेवली असेल. ती काढा. खाली ‘सगळ्या युजर्सच्या सेटिंग’ असं वेगळं बटण असतं, तिथेही पाहा.

काही वेळा विंडोजलाच हा इन्स्टॉलर असल्याचा संशय येतो. जुन्या ३२-बिट फाइलीच्या नावात ‘सेटअप’, ‘इन्स्टॉल’ किंवा ‘अपडेट’ हे शब्द आले की विंडोज आपणहून पासवर्ड मागतं. फाइलीचं नाव बदलून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

तिसरं कारण म्हणजे प्रोग्राममध्येच ‘मला अ‍ॅडमिन हवा’ असं लिहून ठेवलेलं असतं. खरी गरज नसतानाही अनेक जण ते लिहितात. याला उतारा म्हणजे विंडोज एडीके या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचातलं ‘कम्पॅटिबिलिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हे साधन. त्यात त्या प्रोग्रामसाठी नवा फिक्स तयार करून ‘रन अ‍ॅज इन्व्होकर’ निवडायचं, डेटाबेस सेव्ह करायचा आणि अ‍ॅडमिन म्हणून एकदा इन्स्टॉल करायचा. प्रोग्राम ३२-बिट असेल तर साधनही ३२-बिटच वापरा. यानं प्रोग्रामला जास्तीचे अधिकार मिळत नाहीत, तो फक्त मागायचं थांबतो. आत कुठे खरंच अडलं तर मागच्या भागातला परवानगीचा उपाय करायचा. मला या दोन्हींची जोडी सगळ्यात जास्त उपयोगी वाटते.

नेटवर एक सोपी युक्ती फिरते: ‘रनअ‍ॅज’ आज्ञेसोबत ‘सेव्हक्रेड’ लावून शॉर्टकट करा, पासवर्ड एकदाच टाका, नंतर विचारणार नाही. करू नका. साठवलेला तो पासवर्ड त्या एका शॉर्टकटपुरता राहत नाही, त्या युजरला तोच वापरून कुठलाही प्रोग्राम अ‍ॅडमिनच्या खात्यानं चालवता येतो. एका खोलीसाठी अख्ख्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा दिल्यासारखं आहे हे. यूएसीची पट्टी तळाला नेऊन ठेवणं हाही उपाय नाही. स्टँडर्ड खात्याला त्यानं अधिकार मिळत नाहीत.

‘तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनं ब्लॉक केलं आहे’

हा संदेश आला तर विषयच वेगळा. मोठ्या कंपन्या, बँका आणि कॉलेजं अ‍ॅपलॉकर किंवा तत्सम, कुठले प्रोग्राम चालू द्यायचे ते ठरवणारं धोरण लावतात. त्याच्या मूळ नियमांत साध्या युजरला फक्त ‘प्रोग्राम फाइल्स’ आणि ‘विंडोज’ या फोल्डरांतले प्रोग्राम चालवता येतात. म्हणजे वर सांगितलेल्या पोर्टेबल आणि युजर इन्स्टॉलर या दोन्ही वाटा मुद्दाम बंद केलेल्या असतात. पळवाट शोधू नका, नोकरीच्या अटींत ते बसत नाही. आयटी विभागाला सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, सही करणाऱ्या उत्पादकाचं नाव आणि कामाचं कारण एका ईमेलमध्ये पाठवा. उत्पादकाच्या सहीवरून नियम करता येतो, त्यामुळे सही असलेलं सॉफ्टवेअर मागितलं तर त्यांचंही काम हलकं होतं. स्वतःच्या लॅपटॉपवर असा संदेश आला तर सेटिंग्जमध्ये ‘एस मोड’ (यात फक्त स्टोअरमधली अ‍ॅप चालतात) किंवा विंडोज ११ चं ‘स्मार्ट अ‍ॅप कंट्रोल’ चालू आहे का ते बघा.

‘डॉक्युमेंट्स’मध्ये सेव्ह होत नाही आणि कोपऱ्यात ‘अनऑथराइज्ड चेंजेस ब्लॉक्ड’ येतं, ते तर खात्याशी संबंधितच नाही. विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसचा ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू आहे. त्या प्रोग्रामला अ‍ॅडमिननं तिथल्या यादीत घ्यायचं.

किरकोळ, पण वेळ खाणारं

फायरवॉलची चौकट: व्हिडिओ कॉल किंवा फाइल शेअरिंगचं अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की परवानगी मागते आणि ती अ‍ॅडमिनलाच देता येते. ‘कॅन्सल’ केलं तरी बाहेर जाणारं काम सहसा चालतं, फक्त बाहेरून आत येणारी जोडणी अडते. आधी कॅन्सल करून वापरून पाहा.

‘व्हीसीरनटाइम१४०’ची डीएलएल नाही अशी एरर: ती डीएलएल सुटी विकणाऱ्या साइटवरून घेऊ नका. अ‍ॅडमिनकडून मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल एकदा बसवून घ्या. ६४-बिट मशीनवरही ३२-बिट प्रोग्रामसाठी त्याची एक्स८६ आवृत्ती लागते, त्यामुळे दोन्ही बसवलेली बरी.

मराठी टायपिंग: त्यासाठी बहुतेकांना काही डाउनलोड करायची गरजच नसते. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट मिळतो आणि २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्डही आहे. कीबोर्डची निवड ज्याच्या त्याच्या खात्यापुरती असते.

फॉन्ट: विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून स्टँडर्ड युजरला स्वतःपुरता फॉन्ट बसवता येतो. फॉन्टवर राइट-क्लिक करून साधं ‘इन्स्टॉल’ निवडायचं. पण तो फॉन्ट युजरच्या अ‍ॅपडेटात बसतो, ‘विंडोज’मधल्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात नाही. काही जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरना तो दिसत नाही. पत्रिका किंवा अंक लावणाऱ्यांनी फॉन्ट अ‍ॅडमिनकडून ‘सगळ्या युजर्ससाठी’ बसवून घ्यावेत.

अपडेट: ‘प्रोग्राम फाइल्स’मधले क्रोम, फायरफॉक्स आपल्या पार्श्वभूमीतल्या सर्व्हिसमार्फत अपडेट होतात, त्यांना पासवर्ड लागत नाही. ज्यांच्याकडे अशी सर्व्हिस नाही ती सॉफ्टवेअर दर अपडेटला पासवर्ड मागतात. त्यांच्यासाठी अ‍ॅडमिननं महिन्याचा एक दिवस ठरवावा आणि रोज येणाऱ्या चौकटीला युजरनं बेधडक ‘नो’ म्हणावं.

नवं सॉफ्टवेअर विकत घेताना

पैसे देण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. स्टँडर्ड खात्यात रोजचं काम चालतं का? डेटा कुठल्या फोल्डरात जातो आणि तो बदलता येतो का? अपडेटला अ‍ॅडमिन लागतो का? डेमो दाखवायला आलेल्या माणसाला त्याच्या लॅपटॉपवर दाखवू देऊ नका. तुमच्या मशीनवर अ‍ॅडमिनकडून बसवून घ्या आणि दोन वेगवेगळ्या स्टँडर्ड खात्यांतून तेच बिल उघडायला, बदलायला आणि छापायला सांगा. ‘सर, फक्त अ‍ॅडमिन राइट्स देऊन टाका ना’ असं उत्तर आलं, तर त्याच्या कोटेशनमध्ये हे काम दुरुस्त करून देण्याची अट लिहून घ्या, किंवा पुढच्या विक्रेत्याला फोन लावा.